लाल दोऱ्याचा कॅमेरा

धाड
५ ऑगस्ट २०२४

चि. प्रेमलास,

आशीर्वाद आहेतच, ते दरवेळी लिहायला लागू नयेत. फोन न करता पत्र पाठवतो त्याचं कारण तुला ठाऊक आहे. मला कमी ऐकू येतं म्हणून मी ओरडतो, मी ओरडतो म्हणून तू ओरडतेस, आणि बहीण-भावाचं खासगी बोलणं बसस्टँडपर्यंत जातं. मागच्या वेळी माझ्या मूळव्याधीवरचं औषध मला पानठेलेवाल्यानं येऊन सांगितलं.

बातमी अशी की जयमाला फोटो स्टुडिओ बंद होतो आहे. तुझी वहिनी गेल्यापासून मी तसाही नुसता शटर वर करून बसत होतो. दिवाळीच्या पाडव्याला माझा अविनाश तिथं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान टाकणार आहे. पोराचं काही चुकलं नाही. मी एवढंच म्हटलं की कॅमेरे मी देईन, माझ्या हातानं, माझ्या पसंतीच्या माणसाला. अकरा कॅमेरे आहेत आणि सात लेन्स, सगळा फिल्मच्या जमान्यातला माल. अट एकच. घेणाऱ्यानं त्यात रोल भरून फोटो काढला पाहिजे. शोभेला ठेवायचं असेल त्यानं फुलदाणी घ्यावी.

दुकानावर पाटी लावली: ‘जुने कॅमेरे व लेन्स योग्य माणसास फुकट मिळतील. मुलाखत होईल.’ ‘फुकट’ वाचून बाजाराच्या दिवशी गर्दी झाली आणि ‘मुलाखत’ वाचून निम्मी पांगली. पहिला आला त्यानं लांबची लेन्स डोळ्याला लावली आणि म्हणाला, “काका, रातच्याले वावरातले रानडुकरं दिसतीन का यातून?” मी म्हटलं, दिसतील, पण रोल धुऊन आल्यावर, आठ दिवसांनी. “मंग तोवर मका राह्यते काय?” असं म्हणून तो निघून गेला. मग दोन तरुण आले. लग्नाआधीचे फोटो काढतात म्हणे, शेतात वगैरे. नवरदेवाच्या हातात धरायला जुना कॅमेरा हवा होता. “चालू नसला तरी चालते काका, पोज देयाले पाह्यजे.” त्यांना मी चहा पाजून परत पाठवलं.

भाजी विकणारी तानुबाई मात्र पसंत पडली. आली ती थेट म्हणाली, “भाऊ, माह्ये चार नातवंडं इहिरीत गेले.” मी घाबरून उभा राहिलो. मग कळलं की मोबाईल विहिरीत पडला आणि त्यातले फोटो गेले. “मले कागदावरचे पाह्यजेत, भिंतीले लावले का कुठी पडत नाहीत.” तिला सगळ्यात सोपा कॅमेरा दिला, रोल भरायला शिकवलं. तिनं पहिला फोटो वांग्यांच्या ढिगाचा काढला. हात स्थिर आहे बाईचा.

आपल्या जुळ्यांचं, लाल आणि काळ्या दोऱ्याच्या दोन कॅमेऱ्यांचं, मी सावकाश बघेन. पंजाबरावांना नमस्कार सांग.

तुझा
नीळूदादा



पिंपळगाव राजा
१३ ऑगस्ट २०२४

ती. दादास,

नमस्कार. सोबत राखी आहे. यंदा ती स्वतःच्या मनगटाला बांध. मागच्या वर्षी तू ती एका लेन्सला बांधलीस हे मला तुझ्या सुनेनं, वंदनानं सांगितलं.

जुळ्यांचं सावकाश बघू नकोस, मी आत्ताच सांगते. लाल दोऱ्याचा मला हवा आहे.

८ डिसेंबरला रेवतीचं लग्न आहे हे तुला माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी साखरपुडा होऊन मोडला तेव्हा ती पुण्याला कामावर निघून गेली आणि मी इथं महिनाभर शेजारणींना चुकवत भाजी आणली, हेही माहीत आहे. सोहम मुलगा चांगला आहे, घर चांगलं आहे. तरी मला रात्री झोप लागत नाही. मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं दादा. मांजर आडवं गेल्यानं काही होत नाही, हे मी किमान हजार मुलांच्या डोक्यात भरलं. पण पोटच्या पोरीचं एकदा मोडलं की मांजर दिसलं तरी मी रस्ता बदलते.

म्हणून मला तोच कॅमेरा हवा. आपल्या भागात म्हणतातच की नीळूभाऊनं लाल दोऱ्याच्या कॅमेऱ्यानं काढलेलं लग्न मोडत नाही. माझंच बघ. पंजाबरावांसारख्या माणसापाशी मी अडतीस वर्षं टिकले, यात माझा गुण कमी आणि त्या कॅमेऱ्याचा जास्त. तू येऊन एक रोल काढ, आणि नंतर तो माझ्या देवघरात राहू दे. त्याला रोज हळद-कुंकू लागेल याची हमी देते.

दुसऱ्याचं म्हणजे काळ्या दोऱ्याच्या मयताच्या कॅमेऱ्याचं मला नावसुद्धा काढवत नाही. मी शाळेत असताना तो गोठ्यात म्हशीजवळ झोपायचा. तू मयताचा फोटो काढून आलास की तो उंबऱ्याबाहेर आणि तू न्हाणीघरात. आपली आई म्हणायची, “त्याले घरात नको आणू रे बापू, त्यानं लय रडणं पाह्यलं.” तो कुणाला देऊ नकोस. कुणाच्या घरात का म्हणून घालायचा? चांगला नदीत सोड आणि मोकळा हो.

प्रेमला



धाड
२० ऑगस्ट २०२४

प्रिय रेवती,

मामाचं पत्र पाहून दचकू नकोस, आणि वाचून झालं की आईला फोन करू नकोस. तू कागदावरचं कागदावर ठेवणारी पोरगी आहेस म्हणून तुला लिहितो.

तुझ्या लग्नात लाल दोऱ्याचा कॅमेरा हवा असं तुझ्या आईनं कळवलं आहे. तुला या दोऱ्यांचा इतिहास माहीत नसेल. पूर्वी मोबाईल नव्हते तेव्हा पुष्कळ म्हाताऱ्यांचा जन्मात एकच फोटो निघायचा, तोही गेल्यावर, तिरडी उचलायच्या आधी. मला बोलावणं यायचं. पण त्याच कॅमेऱ्यानं मी लग्नाचा फोटो काढलेला कुणाला चालत नसे. मांडवात शिरलो की कुणीतरी आजी अडवायचीच, “कोणता आणला रे भाऊ?” म्हणून मी अगदी सारखे दोन कॅमेरे घेतले. लग्नाच्याला लाल दोरा बांधला, मयताच्याला काळा. आजीला लाल दोरा दाखवायचा आणि आत जायचं.

आता खरं सांगतो. लाल दोऱ्याचा कॅमेरा १९८५ सालच्या एप्रिलमध्ये उंद्रीच्या एका लग्नात वारला. मी पंगतीचा फोटो घ्यायला स्टुलावर चढलो होतो. गळ्यातला पट्टा तुटला आणि कॅमेरा खाली वरणाच्या गंजात, म्हणजे भल्यामोठ्या पातेल्यात पडला. आचाऱ्यानं झाऱ्यानं काढला, झटकला, माझ्या हातात दिला आणि तेच वरण वाढायला घेतलं. वरण सगळ्यांना आवडलं. कॅमेरा पुन्हा बोलला नाही.

त्या आठवड्यात माझ्याकडे पाच लग्नं होती. मी त्याचा लाल दोरा काढला आणि मयताच्या कॅमेऱ्याला बांधला. म्हटलं आठ दिवस निभावून नेऊ. त्या आठ दिवसांची बावीस वर्षं झाली. सकाळी मयत आणि दुपारी लग्न असं आलं की मी एसटीत बसून दोरा बदलायचो. कंडक्टरला वाटायचं मी कॅमेऱ्याची पूजा करतो. तुझ्या आई-वडिलांचं लग्न १९८६ च्या मे महिन्यात झालं. ते कशानं काढलं ते तूच समजून घे.

आता तुझ्या आईला वरणवाला देवघरात पूजायचा आहे आणि ज्यानं राबराब राबून सगळ्यांचे फोटो काढले तो नदीत बुडवायचा आहे. मला रात्रंदिवस दुसरं काही सुचत नाही. सोहमला फिल्मची आवड आहे असं तू म्हणत होतीस. पुण्यात कुणी जुना कारागीर त्याच्या ओळखीत असेल तर वरणवाला दुरुस्त करून द्या. तो चालू झाला की मला खरं सांगावं लागणार नाही आणि खोटंही बोलावं लागणार नाही. पार्सल वेगळं पाठवतो. त्याच खोक्यात सोहमसाठी एक कॅमेरा आणि दोन लेन्स आहेत, पण त्यानं सोबतच्या प्रश्नांची उत्तरं लिहिल्याशिवाय हात लावायचा नाही.

तुझा
नीळूमामा



धाड
२६ ऑगस्ट २०२४

चि. प्रेमलास,

राखी मनगटाला बांधली आहे. तुझं पत्र वाचून आनंद झाला. लाल दोऱ्याचा कॅमेरा सध्या सर्व्हिसिंगसाठी बाहेरगावी गेला आहे. इतक्या वर्षांचा आहे, लग्नात घोटाळा नको म्हणून पाठवला. तोवर तुला घडीचा कॅमेरा देऊ का? त्याला पेटीसारखा भाता आहे, देवघरात तो जास्त शोभेल.

नदीला सध्या पाणी फार आहे. काठावर गेलो तर कॅमेऱ्याऐवजी मीच वाहून जाईन, म्हणून ते काम थांबवलं आहे.

बाकी प्रगती चांगली. उंद्रीच्या शाळेतले प्रेमानंद सर दोन लेन्स घेऊन गेले. सातवीच्या वर्गात खिडकी झाकून भिंतीवर बाहेरच्या लिंबाचं झाड उलटं पाडून दाखवलं म्हणे. मुख्याध्यापक ते बघायला आले आणि मान उलटी करून पाच मिनिटं उभे राहिले. लेन्सला असं घर मिळालं की मला दोन घास जास्त जातात.

तुझा
नीळूदादा



पिंपळगाव राजा
३० सप्टेंबर २०२४

दादा,

महिना उलटून गेला. असं कोणतं सर्व्हिसिंग आहे जे माणसाच्या बायपासपेक्षा जास्त चालतं? तुला खोटं बोलता येत नाही हे मला तुझ्या सातवीच्या निकालापासून माहीत आहे. घडीच्या कॅमेऱ्याचं आमिष दाखवलंस तेव्हाच माझ्या लक्षात आलं.

तू तो वंदनाच्या भावाला दिलास. राजकुमारनं रस्त्यावर नवं हॉटेल टाकलंय आणि त्यात जुने रेडिओ, पितळी तांबे, कंदील मांडलेत हे मी ऐकून आहे. सुनेच्या माहेरचा शब्द तुला मोडवला नाही. माझ्या लग्नाचा कॅमेरा तिथं मिसळपावच्या तर्रीचा वास घेत बसणार आणि माझ्या लेकीच्या लग्नाला मी हात चोळत बसणार. पंजाबराव म्हणाले, “अवं मोबाईलनं काढतीन ना फोटो, काऊन जीवाले त्रास करून घेतं?” त्यांच्याशीही भांडण झालं.

मला काय वाटतं ते सरळ लिहिते. मला भीती वाटते. रेवतीचं पुन्हा काही झालं तर मी उभी राहू शकणार नाही. त्या कॅमेऱ्यात काही जादू नाही हे मला कळतं, पण तो मांडवात असला की मला झोप लागेल. सख्ख्या भावाकडे एवढंच मागितलं होतं.

आणि नदीला आता पाणी कमी झालं असेल. ते तरी काम कर.

प्रेमला



पुणे
११ ऑक्टोबर २०२४

प्रिय मामा,

सोहमनं तुमच्या चौदाही प्रश्नांची उत्तरं लिहिली आहेत, सोबत जोडते. ‘रोलमधला छत्तिसावा फोटो शिल्लक असताना तुम्ही तो कशावर खर्च कराल?’ या प्रश्नावर तो दोन दिवस अडला होता. शेवटी त्यानं ‘वाट बघेन’ असं लिहिलंय. त्याच्या ऑफिसच्या मुलाखतीपेक्षा तुमची अवघड होती म्हणतो. तुमचा कॅमेरा त्यानं उशाशी ठेवला आहे आणि पहिला रोल धुवायलाही टाकला.

आता वरणवाल्याचं. आमच्या इथल्या कारागीर काकांचं वय तुमच्याएवढंच असेल. त्यांनी तो उघडला, बराच वेळ आत बघितलं आणि मला विचारलं, “हा कुठल्या खाणीत वापरत होतात?” मग चिमट्यानं एक एक करून आतून तुरीची डाळ काढली. एकोणचाळीस वर्षांनी तिचे खडे झालेत. गिअरच्या दातांत मोहरी होती. काका म्हणाले, फोडणीसुद्धा आहे, पण कॅमेरा नाही. आतलं सगळं गंजून एकजीव झालंय. त्यांनी हात जोडले. तो तुम्हाला पार्सलनं परत पाठवला आहे.

मामा, आता सांगून टाका. आईला वाटतंय तुम्ही तिच्यापेक्षा हॉटेलवाल्याला जवळचं मानलं. हे तिला वरणापेक्षा जास्त लागलंय. मागच्या आठवड्यात फोनवर ती माझ्याशी हळदीच्या साड्यांविषयी बोलत होती आणि मध्येच रडायला लागली. माझं लग्न मी आणि सोहम सांभाळू. ती आणि तुम्ही मात्र एकमेकांना सांभाळा.

तुमची
रेवती



धाड
१८ ऑक्टोबर २०२४

चि. प्रेमलास,

हे पत्र बसून वाच.

मी लाल दोऱ्याचा कॅमेरा कुणालाही दिलेला नाही. राजकुमार आला होता, त्याला मी हात हलवत परत पाठवलं. कॅमेरा माझ्यापाशीच आहे आणि तो १९८५ साली उंद्रीत वरणात पडून मेला आहे. त्यानंतर मी प्रत्येक लग्न मयताच्या कॅमेऱ्यानं काढलं. दोरा तेवढा बदलायचो. तुझंही लग्न त्यानंच काढलं.

त्या दिवशी आई दारात उभी होती. तिनंसुद्धा विचारलं, “बापू, कोणता आणला?” मी लाल दोरा दाखवला. आईला फसवलं ते तेवढं एकदाच. मला तेव्हा वाटलं की खरं बोललो तर तुझ्या लग्नात फोटोच निघणार नाही, कारण पंचक्रोशीत दुसरा फोटोवाला नव्हता. तुझा एकही फोटो नसलेलं लग्न मला बघवलं नसतं. नंतर सांगायचं राहिलं आणि मग लोकांनी लाल दोऱ्याचं ते सगळं सुरू केलं. त्यानंतर सांगणं म्हणजे शे-दोनशे संसारांत पाय घालणं झालं असतं.

तुला तो मेलेला कॅमेरा लाल दोरा बांधून देवघरात ठेवायला देता आला असता. जिवंत असलेल्याला लाल दोरा बांधून तो तुझ्या लेकीच्या मांडवात आणता आला असता. दोन्ही केलं नाही. बावीस वर्षं लोकांशी खोटं बोललो, पण तू भीती वाटते म्हणून लिहिलंस त्यानंतर तुझ्याशी खोटं बोलवेना.

बाकी सगळ्यांना घरं मिळाली. अकरातले नऊ गेले, लेन्सही गेल्या. आता एक मेलेला आणि एक हा. पाडव्यानंतर याला दुकान नाही. वंदना म्हणते, “मामंजी, घरात नका आणू, मले रातचं पाणी प्याले उठाले भेव लागीन.” गोठा आता नाही. नदीत मी सोडणार नाही, पाणी कितीही असो. त्याचा काय गुन्हा? त्याच्यासमोर जे ठेवलं ते त्यानं नीट पाहिलं. खोटं मी बोललो.

लग्नाला बोलावशील तर येईन. नाही बोलावलंस तरी समजेन.

दादा



पिंपळगाव राजा
५ नोव्हेंबर २०२४

नीळकंठरावांस रामराम.

हे कार्ड प्रेमलाच्या नकळत लिहून राह्यलो. तुमचं पत्र आलं त्या दिवसापासून ती माह्याशी बोलून नाही राह्यली. दिवाळी मुकी गेली. मले वाटलं तुम्ही माह्यं काहीतरी कळवलं. म्हणून मी आपल्या मनानंच कबूल केलं का डॉक्टरनं बंद केलेली जिलेबी मी दर बाजाराले खातो. ती हूं बी नाही म्हणाली. मंग तिच्या रिटायरमेंटच्या भाषणात मी झोपलो होतो ते कबूल केलं. तिच्या मावशीले स्टेशनावर न्याले गेलोच नोतो, पारावर बसलो होतो, ते बी सांगून टाकलं. तरी नाही. आता माह्यापाशी कबूल कराले काही उरलं नाही. तुम्ही त्या पत्रात लिहिलं तरी काय, ते लवकर कळवा.

पंजाबराव



पिंपळगाव राजा
१६ नोव्हेंबर २०२४

दादा,

पंजाबरावांनी तुला कार्ड टाकलं ते मला कळलं. त्यांना उत्तर देऊ नकोस. ते घाबरून अजून काही कबूल करतात का ते मला पाहायचं होतं, पण आता माझंच हसू आवरत नाही.

तुझं पत्र वाचलं तेव्हा हसू वगैरे आलं नाही. तुला शिव्या दिल्या, मनातल्या मनात, पण सविस्तर. मग लग्नाचा अल्बम काढला आणि एकेक फोटो खिडकीशी धरून तपासला. कुठं काही अशुभ दिसतं का, सावली पडली आहे का, माझ्या चेहऱ्यावर काही आहे का. पंधरा दिवस हेच करत होते. माझ्या चेहऱ्यावर तेव्हा फक्त पावडर जास्त होती, ती तुझी चूक नाही.

एक गोष्ट मात्र सापडली. अंतरपाट धरलेल्या फोटोत सगळी माणसं भटजींकडे बघतात आणि पंजाबराव सरळ कॅमेऱ्याकडे बघतात. पुढच्या फोटोतही तसंच. मी पंधरा दिवसांनी त्यांच्याशी पहिलं वाक्य बोलले, “इथं तुम्ही एवढं काय बघत होतात?” ते जिलेबी खात होते, आता उघडच खातात. चष्मा लावून फोटो पाहिला आणि म्हणाले, “दोरा पाहत होतो. लाल दोऱ्याखालून काया दोरा दिसे. तुह्या भावानं घाईत सोडला नोता. माह्या आजीचा फोटो त्याच कॅमेऱ्यानं काढला होता, मी वयखला त्याले.”

मी म्हटलं, मग बोलला काऊन नाहीत?

“बोललो असतो त माह्या आत्यानं तिथंच लगन थांबवलं असतं. मले थांबवाचं नोतं.”

दादा, अडतीस वर्षांत या माणसानं माझ्यासाठी काढलेला हा एकच गोड शब्द, आणि तोही मी विचारलं म्हणून. मी आत गेले आणि पदरात तोंड घालून रडले. मग बाहेर येऊन त्यांच्या ताटलीतली एक जिलेबी खाल्ली.

त्यानंतर मी बैठकीत बसले होते आणि समोर आईचा फोटो होता. १९९३ चा. तिच्या शेवटच्या दिवशी तू काढलेला, तिचा एवढाच एक नीट फोटो आहे. तो कशानं काढलास हे मला विचारायची गरज नव्हती. जो कॅमेरा माझ्या उंबऱ्यात नको म्हणून मी तुला पत्रं लिहीत होते, त्यानं पाहिलेल्या आईला मी एकतीस वर्षं रोज सकाळी उदबत्ती लावते आहे. माझ्या घरात तो कधीचाच येऊन बसला आहे. माझी आई त्याच्यामुळे माझ्यापाशी आहे आणि माझं लग्नही त्याच्यामुळेच. मी त्याला बुडवायला सांगितलं याची मला लाज वाटते.

रेवतीला सगळं सांगितलं. तिला आधीच माहीत होतं हे कळल्यावर तिच्याशी दोन दिवस बोलले नाही, तेवढा माझा हक्क आहे. भीती अजून आहेच. पण माझं लग्न दोऱ्यानं टिकलं नाही हे आता कळलं. नवरदेवानं वेळेला गप्प बसायला हवं, आणि सोहम गप्प बसणारा दिसतो.

तेव्हा ८ डिसेंबरला तू येशील आणि त्याच कॅमेऱ्यानं रोल काढशील. दोरा कोणताच नको. कुणी विचारलं तर माझ्याकडे बोट दाखव, मी आहे उत्तर द्यायला. लग्न झालं की कॅमेरा परत न्यायचा नाही. तो इथं राहील. तुझी अट मला माहीत आहे, शोभेला ठेवायचं असेल तर फुलदाणी. म्हणून मला रोल भरायला, कॅमेऱ्याची झडप उघडायला, उजेड मोजायला शिकव. मी मुलाखतीला तयार आहे, चौदा प्रश्न विचार.

पण लग्नापर्यंत थांबायचं नाही. मी काल जुने सगळे अल्बम पाहिले. धाडमध्ये असं घर नाही जिथं तू काढलेला फोटो नाही, आणि आपल्या घरात तुझा एकही फोटो नाही. आधार कार्डावरचा आहे, त्यात तू चोरी करताना पकडल्यासारखा दिसतोस. ज्यानं सगळ्यांचे शेवटचे फोटो काढले, त्याचा माझ्या भिंतीवर तसला फोटो लागलेला मला चालणार नाही. तुझा फोटो मी काढणार आहे, त्याच कॅमेऱ्यानं, तू जिवंत, समोर बसलेला आणि माझ्याशी वाद घालत असताना.

बुधवारी सकाळच्या एसटीनं येते. दाढी करून बस.

प्रेमला